वाऱ्यासाठी झोका

फार वर्षांपूर्वी विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांचं कुटुंब राहत होतं. पिल्लू गवत विणायला बसलं की बाप त्याची प्रत्येक गाठ उसवून नीट करून देई. हळूहळू पिल्लानं विणणंच सोडलं.

"का रे, आज विणत नाहीस?" आईनं विचारलं.

"माझं चुकतं. बाबाच करतील."

बापानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गवताची पाती पिल्लापुढे आणून ठेवली आणि तो लांबच्या फांदीवर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत पिल्लाच्या फांदीला काहीतरी वाकडंतिकडं लोंबकळू लागलं.

"हे घरटं का?" बापानं विचारलं.

"नाही, वाऱ्याला बसायला झोका."

एक गाठ सुटत आली होती. बापाची चोच शिवशिवली, पण तो जागचा हलला नाही.

"उद्या आणखी गवत आणू का?" त्यानं विचारलं.