फळीची आंघोळ

लाटांवर स्वार व्हायची हौस इकडच्या माणसांना नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. मालवणकडच्या किनाऱ्यावर रवळू नावाच्या माणसाची एक पिवळी सर्फिंगची फळी होती. समुद्रातून बाहेर आलं की रवळू तिला साबण लावून नळाखाली खसाखसा घासायचा. ते पाणी वाळूवरून ओघळत पुन्हा समुद्रात जायचं.

हल्ली समुद्रातून येताना फळीच्या अंगाला बुळबुळीत थर लागायचा. रवळूने साबण दुप्पट केला, तर थरही वाढला. फळी पार चक्रावली.

"आंघोळ वाढली, तरी मी मळकी कशी गं?" तिने शेजारच्या कुर्लीला विचारलं.

कुर्ली बिळाच्या तोंडाशी साचलेला फेस नांगीने ढकलत होती. "ते राहू दे, फळीबाई. आधी हा फेस कुणाचा ते सांग."

"समुद्राचा असेल."

"वास घे बघू."

फळीने वास घेतला. लिंबाचा होता, तिच्याच साबणाचा.

"अगं, पण मला तर स्वच्छ करतात ना?" फळीला काहीच कळेना.

इतक्यात रवळू आला. पाण्याकडे बघून त्याने नाक मुरडलं. "काय घाण करून ठेवलाय लोकांनी समुद्र!" असं म्हणत त्याने साबणाची नवी बाटली उघडली.