अस्वलाच्या म्हणीची जोडी

भाताला हात न लावता बाबांनी विचारलं, "मथे, अस्वल तुरीची डाळ खातं का गं?"

मथूच्या हातातली पळी ठणकन खाली पडली. तशी ती पाल चुकचुकली तरी दचकायची. पण विश्वनाथपंतांसारखा शहाणासुरता माणूस पानावर बसून अस्वलाच्या जेवणाची चौकशी करतो म्हणजे काहीतरी बिनसलं होतं खास!

बिनसलं होतं दरबारात. पंत कातळगड संस्थानचे दुभाषी. महाराजांच्या तोफखान्यावर दुवाल नावाचा एक फरांसीस कप्तान होता. त्याला मराठी छान समजे. बोलताना मात्र तो सगळ्यांनाच 'अगं' म्हणे, महाराजांनासुद्धा! त्या सकाळी त्याने आपल्या देशाची एक म्हण सांगितली. तिच्यात अस्वल रानात मजेत हिंडत असतं आणि इकडे लोक त्याच्या कातड्याचा सौदा करत बसलेले असतात. वर मिशीला पीळ देऊन म्हणाला, "अगं महाराज, अशी म्हण तुमच्याकडे नाही!"

झालं! महाराजांना 'नाही' हा शब्दच खपत नसे. "पंत, सांगा जोडीची म्हण!"

पंतांनी लगेच सांगितली. अजून घरात न आलेल्या डाळीपायी जुंपलेल्या नवराबायकोची. पोरंसोरंही जाणतात ती.

कप्तानाने नाक मुरडलं. "डाळ? माझं अस्वल कुठे आहे?"

पंतांनी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. कप्तानाचं पालुपद एकच, अस्वल कुठे आहे? शेवटी महाराज कडाडले, "उद्या भर दरबारात साहेबांच्या तोंडून 'बरोबर' हा शब्द ऐकवा. नाहीतर दुभाषेपण बंद! जा हत्तीखान्यात लीद उचलायला!"

"मला हत्तीची फार भीती वाटते गं," पंत पुटपुटले. लेकीचा भित्रेपणा कुठून आला ते निराळं सांगायला नको.

मथूने पळी उचलली. "बाबा, साहेब ही म्हण एरवी कधी म्हणतो?"

"गोलंदाज लढाईला निघण्याआधीच लुटीवरून भांडायला लागले की ओरडतो त्यांच्यावर."

"आणि तिथे महाराज असते तर?"

"तर काय, ते आपली डाळीची ओरडले असते!"

मथूने पळी जागेवर ठेवली. मग म्हणाली, "उद्या मी येते तुमच्याबरोबर." आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून तिला दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी दरबारात भालदाराने ललकारी दिली तशी ती बाबांच्या उपरण्यामागे दडली.

"काय पंत, सापडली जोडी?" महाराजांनी विचारलं.

पंतांनी तोंड उघडलं, तोच मागून मथूचा आवाज आला, "बाबा, महाराज आज आपल्याला जी जमीन इनाम देतील ना, तिच्यात विहीर कुठे खणायची?"

"इनाम? मथे, अगं, कसलं इनाम..."

"मी म्हणते, नैर्ऋत्येला!"

आता कोणी नैर्ऋत्येला विहीर खणायची म्हणावं आणि पंतांनी ऐकून घ्यावं? चितेवरून उठून आले असते! "नैर्ऋत्येला? अक्कल गहाण टाकलीस काय? विहीर ईशान्येलाच!"

"ईशान्येला माझी आंब्याची कलमं आहेत!"

"उपटून टाकीन!"

"हात तर लावून बघा! आणि आधी तुमचा तो बैल माझ्या वांग्यांतून बाहेर काढा!"

"माझ्या बैलाला नावं ठेवायचं काम नाही! गरीब आहे बिचारा!"

"गरीब? सगळा वाफा तुडवला मेल्याने! कोंडवाड्यात घालीन!"

महाराज आधी चकित झाले, मग लालबुंद. कप्तानाच्या मिशा थरथरू लागल्या. पंत उपरणं कमरेला आवळून पुढे सरसावले, आणि एकदमच दोघांचाही धीर सुटला. सिंहासनावरून महाराज ओरडले, खुर्चीवरून कप्तान ओरडला. महाराजांनी डाळीची म्हण फेकली, कप्तानाने आपल्या भाषेत अस्वलाची. आणि दरबाराच्या मधोमध दोन्ही म्हणी एकमेकींवर धाडकन आदळल्या!

महाराजांनी कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने महाराजांकडे.

मथू पुढे आली. "महाराज, एकच वेडेपणा पाहून दोन देशांच्या माणसांच्या तोंडून एका दमात निघाल्या, त्याच जोडीच्या म्हणी. एकीच्या घरी अस्वल, दुसरीच्या घरी डाळ. पण चिडल्या दोघी एकाच गोष्टीवर!"

महाराज आधी खुदकन हसले, मग पोट धरून हसू लागले. "पंत, नदीकाठचं गाळाचं, मळईचं रान तुमच्या या लेकीला इनाम! उरलेलं भांडण घरी जाऊन पुरं करा!" सारा दरबार हशाने दणाणला.

पंत मात्र हसेनात. हवा होता तो शब्द अजून कोणी उच्चारलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे हत्ती झुलत होते.

"साहेब!" मथूने हाक मारली. हशात ती कुठल्या कुठे विरली.

"साहेब..." कप्तान डोळे पुसण्यात गुंग.

"अहो साहेब!" यावेळी ती अशी ओरडली की स्वतःच दचकली.

कप्तान उठला. त्याने डोक्यावरची पिसांची टोपी काढली, तिच्यापुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, "बरोबर, बाई. अगदी बरोबर!"