जिभेवरचा डोंगर

त्या मुलुखात डोंगर एकच होता, आणि तो तळ्यात अख्खा दिसत असे. साळिंदरांची शाळा तळ्याकाठी भरे. पूर्वी प्रत्येक पिल्लाला डोंगर चढून खडकाला जीभ लावावी लागे. त्याशिवाय बीळ खणायची परवानगी नसे. एका वर्षी एक पिल्लू घसरून पडलं आणि चढणं बंद झालं. मोठे गुरुजी म्हणजे कासव. त्यांना हा बदल मानवला. पिल्लं पाण्यात बघून डोंगराचे थर मोजत, कुणाचे पाय मळत नसत.

शाळेतला जुना विद्यार्थी कुसळ दूरच्या मुलुखात शिकून परतला, तेव्हा पावसाआधी साऱ्या वस्तीचं नवं बीळ खणायचं ठरलं होतं. डोंगरावरच्या काळ्या खडकाखालची जागा शेवरीनं तळ्यात बघून निवडली होती. शाळेत तिच्याइतकं हुशार कुणी नव्हतं.

“तळं बुजवा, गुरुजी!” कुसळ कळवळून म्हणाला. “डोंगर तिकडं आहे!”

“बुजव की,” शेवरी म्हणाली. “मग मी काय तुझ्या तोंडाकडे बघून शिकू?”

तिचा मागचा पाय जन्मापासून अधू होता. कुसळ वरमला. “बरं, मी वर जाऊन दगड आणतो.”

“तो तुझा दगड होईल. जागा मी सांगितलीय, मीच येते.”

“बाई गं, संध्याकाळ होईल!”

“होऊ दे. डोंगर कुठं पळतोय?”

दोघं पहाटे निघाले. कुसळ दुपारीच पोचला. खडक तळ्यात दिसे तसाच होता, काळाकभिन्न. त्यानं त्यावर पाय रोवले आणि खाली ओरडला, “पक्का आहे!” खणणारे निघाले.

शेवरी उन्हं कलल्यावर आली, पोट घासत. जुन्या रिवाजाप्रमाणे तिनं खडकाला जीभ लावली. पक्क्या खडकाला जीभ चिकटत नसते; ही चिकटली, निघेना. हिसका दिला तेव्हा खडकाचा पापुद्राच सोबत आला.

“कुसळ, चाट.”

“अगं, मी नीट पाहिलाय.”

“पाहिला तर मीही होता. चाट.”

त्यानं चाटलं. मग नख रुतवलं, तर पंजा मुळापर्यंत आत गेला. काळ्या सालीखाली नुसती माती होती, एका पावसात वाहून जाणारी.

वाटेत भेटलेल्या खणणाऱ्यांना त्यांनी माघारी वळवलं. सकाळी शाळेसमोर शेवरीनं जीभ बाहेर काढली. जिभेवर मातीचा थर तसाच होता. पिल्लं खिदळली.

“माझ्या डोंगरात माती नाही,” कासव म्हणालं आणि खात्री करायला तळ्याकडे वळलं. माती कुठं दिसेना, म्हणून त्यानं मान आणखी लांबवली. नाक पाण्याला टेकलं, आणि शिखरापासून पायथ्यापर्यंत सारा डोंगर थरथरत काठावर येऊन फुटला.