अहवालातलं तळं

पाखरंही पदव्या घेत, त्या काळातली ही गोष्ट. वडावरच्या विद्यापीठात एक विद्वान घुबड दरवर्षी पंचक्रोशीचा अहवाल लिही. लिही म्हणजे काय, गेल्या वर्षीचाच उतरवून साल तेवढं बदली.

एका उन्हाळ्यात तळं आटलं. उरलंसुरलं पाणी आणि पिल्लं द्रोणात घेऊन म्हातारी बेडकी धापा टाकत वडावर चढली.

"गुरुजी, तळं आटल्याचं लिहा. अहवालात आलं की हत्ती पाट खोदून देतात."

घुबडाने पान उघडलं. "तळं काठोकाठ भरलंय. हे बघा, शिक्क्यानिशी आहे."

"असं होय? मग पोरांना यातच सोडते," म्हणत बेडकीने द्रोण पानावर कलता केला.

"अहो, थांबा! पान भिजेल!"

"काठोकाठ तळं आहे ना त्यात?" बेडकी म्हणाली. "मग पान आजवर कोरडं कसं राहिलं?"