बाजूची सीट

“...पण मग ऐन जोरात आल्यावरच इंजिन मागं का सरतंय, वस्ताद?”

इस्माईल वस्तादांनी मान वर केली नाही. ते ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला.

धैर्यशील सरनोबत अंगणात उभाच होता. त्याला कुणी ‘बस’ म्हटलं नव्हतं.

कोल्हापुरात हायवेला त्याचं मोठं गॅरेज. कंपनीतून आली तशी गाडी त्याच्याकडे राहायची नाही. इंजिनात जादा हवा भरणारा मोठा टर्बो, ती हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, रुंद सायलेन्सर, कॉम्प्युटरचं नवं सेटिंग... पुण्यापासून बेळगावापर्यंतची पोरं रांग लावायची. हे सगळं तो वस्तादांच्या हाताखाली शिकला होता. मग एक दिवस भांडून निघून गेला. वस्तादांनी पुढं गॅरेज बंद केलं आणि ते कळ्याला, आपल्या गावी येऊन राहिले. इतक्या वर्षांत धैर्यशीलनं इकडं तोंड दाखवलं नव्हतं.

आज आला होता, तो हा प्रश्न घेऊन.

“टर्बो तोच आहे. दाब तेवढाच ठेवलाय. तरी पूर्ण ताकद मागितली की इंजिन ठोका मारतं, आणि कॉम्प्युटर घाबरून ताकद काढून घेतो. मला सापडेना.”

“गाडी कुणाची?”

“गिऱ्हाइकाची.”

“गिऱ्हाइकाला नाव असंल.”



“खर्डेकरांची.”

वस्तादांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

खर्डेकरांचं सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं. आनंदराव खर्डेकरांची शिरोलीत फौंड्री. एकुलता एक मुलगा, ऋतुराज. हिवाळ्यात एका सकाळी गगनबावड्याच्या पुढं, घाटात, त्याची गाडी वळण सोडून कातळावर गेली. गाडी धैर्यशीलनं तयार केलेली. पोलिसांना त्यात काही वावगं सापडलं नाही. पण त्यानंतर गॅरेजपुढची गर्दी हटली, आणि धैर्यशील चहाच्या गाड्यावर गेला की तिथलं बोलणं बंद व्हायला लागलं.

“ती गाडी ऱ्हायलीय कुठं?”

“गाडी भंगारात गेली. इंजिन शाबूत होतं. टर्बोला तर ओरखडासुद्धा नव्हता!”

त्याच्या आवाजातली फुशारकी वस्तादांना ऐकू आली. त्याची त्यालाही ऐकू आली. तो घाईनं पुढं बोलला.

“आनंदरावांनी तसलीच दुसरी गाडी घेतली. म्हणाले, त्याचं इंजिन हिच्यात बसव. त्याच्या वेळी जसं होतं तसं. काडीचाही फरक नको.”

“आन् तू बसवलंस.”

“का नको बसवू? वस्ताद, लोक म्हणतात धैर्याच्या इंजिननं पोरगा खाल्ला. आता हीच गाडी त्याच घाटातनं धावू दे एकदा. सुखरूप परत येऊ दे. मग बघतो कोण काय बोलतंय.”

“चालवणार कोण?”

धैर्यशीलनं हातानं दाखवलं.

रस्त्याकडेच्या चिंचेखाली एक बुटकी, राखाडी गाडी उभी होती. स्टिअरिंगमागं एक गृहस्थ बसले होते. इंजिन बंद होतं, काचा वर होत्या, उन्हाची काहिली होती. तरी त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

वस्ताद बराच वेळ तिकडं बघत राहिले.

“आत बोलव त्यांस्नी. च्या घेतील.”

आनंदराव आले. नमस्कार केला, ओसरीच्या कडेला बसले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात अडकवलेलं. ज्यांच्या एका हाकेला सगळी फौंड्री उभी राहायची ते हेच, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

वस्ताद काठी टेकत गाडीजवळ गेले. बॉनेट उघडायला लावलं.

“ह्यात नवीन काय टाकलंस?”

“टर्बो, इंजिन सोडलं तर सगळंच. नळ्या, क्लिपा, वायरिंग.”

“मग तू जुनंच तपासत बसला असशील.”

धैर्यशील बॉनेटखाली वाकला. खरं होतं ते. टर्बोचा दाब हद्दीबाहेर गेला की जादा हवा सोडून देणारी एक झडप असते. तिच्याकडं जाणारी करंगळीएवढी रबरी नळी त्यानं बोटानं चाचपली. नवी कोरी नळी. क्लिपेखाली ती चिरली होती. तिथून हवा गळायची, झडपेला दाब कळायचाच नाही आणि टर्बो इंजिनात हवा कोंबत राहायचा; मग कॉम्प्युटर ताकद काढून घ्यायचा आणि गाडी हळू पडायची.

एवढंच होतं.

नळी बदलली. गाडी फाट्यापर्यंत नेऊन आणायला धैर्यशील एकटाच निघाला. गावाबाहेर पडल्यावर त्यानं पेडल दाबलं. टर्बोनं शीळ घातली, पाठ सीटला चिकटली... आणि इंजिन कुठंही अडखळलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला हसू आलं.

परत आला तेव्हा दोघं तसेच बसलेले. मधे चहाचे पेले. कुणी तोंड लावलेलं दिसत नव्हतं.

“झालं वस्ताद! लोण्यासारखं चाललंय.”

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते आनंदरावांना विचारत होते.

“घाटात कुठवर जाणार, साहेब?”

“त्या वळणापर्यंत.”

“आन् फुडं?”

आनंदरावांनी पेल्यातल्या सायीकडं बघितलं.

“पुढचं ठरवलं नाही.”

धैर्यशीलचं हसू चेहऱ्यावरच अडकून राहिलं. महिनाभर हा माणूस रोज गॅरेजात यायचा, कोपऱ्यात स्टूल घेऊन बसायचा, इंजिनाकडं बघत राहायचा. धैर्यशीलला वाटायचं, आपलं काम बघतोय.

“कशापायी, साहेब?” वस्तादांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

“शेवटी तो घाबरला होता का... एवढंच मला कळायला हवंय. त्याची आई विचारते. जेवायला वाढताना विचारते, दिवा लावताना विचारते. मी काय सांगू तिला? तेच इंजिन, तोच रस्ता, तोच वेग. त्याला जे दिसलं ते मला दिसेल.”



आनंदराव उठले. धैर्यशीलपुढं हात केला.

“चावी.”

धैर्यशीलनं वस्तादांकडं बघितलं. आता वस्ताद नको म्हणतील. वस्तादांनी नको म्हटलं की आपल्याला काही म्हणावं लागणार नाही.

“दे की,” वस्ताद म्हणाले. “त्यांची गाडी हाय.”

त्यानं चावी दिली.

आनंदराव जाऊन स्टिअरिंगमागं बसले. आणि मग वस्ताद उठले. काठी भिंतीला उभी करून ठेवली, भिंतीच्या, मग चिंचेच्या आधारानं गाडीपर्यंत गेले, डावीकडचं दार उघडलं आणि आत शिरायला लागले.

गाडी जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. वस्तादांचे गुडघे वाकत नव्हते. एक पाय आत, एक पाय बाहेर, एका हातानं दार धरलेलं... तोंडातून कण्हल्याचा आवाज आला.

“वस्ताद! काय करताय?”

“बसतोय.”

“कुठं बसताय? त्यांचं ऐकलं नाही का तुम्ही?”

“ऐकलं.”

आनंदराव चिडले. “उतरा तुम्ही. तुमचा काय संबंध?”

“गाडी माझ्या अंगणात नीट झाली, साहेब. ज्यानं गाडी तयार केली, त्यानं पैल्या खेपंला बाजूला बसायचं. माझ्या गॅरेजात ह्योच कायदा हुता.”

तो कायदा धैर्यशीलला ठाऊक होता. त्याच्यावरूनच तर भांडण झालं होतं. गिऱ्हाईक किती येडं आहे त्याचा भार मी का उचलू, असं तो वस्तादांच्या तोंडावर म्हणाला होता, आणि हातातला पाना टाकून बाहेर पडला होता.

ऋतुराज गाडी न्यायला आला, तेव्हा धैर्यशील दुसऱ्या एका गाडीखाली निजून काम करत होता. त्याला पोराचे फक्त बूट दिसले. पांढरे, नवे. “दादा, नेऊ का?” पोरानं विचारलं. “ने. चावी खिळ्याला आहे,” त्यानं खालूनच सांगितलं.

वस्तादांचा दुसरा पाय अजून बाहेरच होता.

धैर्यशीलनं त्यांच्या काखेत हात घातले, त्यांना उचलून बाहेर काढलं आणि चिंचेच्या पारावर बसवलं. वस्तादांनी हिसका दिला नाही. तो फिरला, बाजूच्या सीटवर बसला, पट्टा लावला.

आनंदरावांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. गाडी सुरू झाली.

सुरुवातीला दोन्हीकडं ऊस होता. मग डोंगर जवळ आले. आनंदराव वेग वाढवत गेले. धैर्यशीलला या ताकदीचा आकडा न् आकडा पाठ होता. इंजिनाच्या किती फेऱ्यांवर टर्बो जागा होतो, किती फेऱ्यांवर धक्का बसतो, सगळं. पण आजवर तो या धक्क्याच्या वेळी नेहमी स्टिअरिंगमागं असायचा. डाव्या सीटवर, हातात काही नाही, पायाखाली काही नाही, असा तो कधीच बसला नव्हता.

समोरून एक एसटी भोंगा वाजवत गेली. एक म्हैस रस्त्याकडेला होती, ती दिसेपर्यंत मागं पडली.

गगनबावडा मागं पडलं. घाट उतरायला लागला.

“साहेब...” तो म्हणाला.

टर्बोची शीळ कातळावर आपटून परत येत होती. इंजिन कुठंही अडखळत नव्हतं. जेवढं मागाल तेवढं देत होतं. त्याच्याही पुढं द्यायची त्याची तयारी होती.

मग ते वळण दिसलं. कातळावर पांढरा ओरखडा होता. त्याच्या पायथ्याशी कुणीतरी वाहिलेला हार वाळून काळा पडला होता.

आनंदरावांचा पाय उठला नाही.

धैर्यशीलचे दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर दाबले गेले, जिथं ब्रेक नव्हता तिथं. त्यानं हात तोंडापुढं धरले आणि तो ओरडला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही. लहान मूल ओरडावं तसा तो ओरडला, “आई! आई गं!”

ब्रेक लागला.

गाडी आडवी झाली, घसरत गेली, धुरळा उडाला, रबर जळल्याचा वास आला. थांबली तेव्हा कातळ धैर्यशीलच्या काचेला हात लावता येईल इतका जवळ होता.

किती तरी वेळ इंजिनाचाच काय तो आवाज. शांत, एका लयीत.

आनंदरावांनी हळूहळू मान वळवली. आज पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं.

“असा ओरडला असेल?”

धैर्यशीलला ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. ‘एका क्षणात सगळं झालं असेल साहेब, त्याला कळलंसुद्धा नसेल,’ हे वाक्य त्यानं याआधी दहा जणांना सांगितलं होतं.

“हो,” तो म्हणाला. “लई घाबरला असेल, साहेब.”

आनंदरावांनी मान हलवली. मग ती स्टिअरिंगवर टेकवली. रडले नाहीत. नुसतेच तसे राहिले.

“तिला मी ‘नाही, घाबरला नव्हता’ म्हणून सांगेन,” ते म्हणाले.

येताना गाडी धैर्यशीलनं चालवली. सायकलवाले पुढं जात होते. गगनबावड्यावरनंच आनंदरावांनी फौंड्रीत फोन केला होता. कळ्याच्या फाट्यावर त्यांची दुसरी गाडी येऊन थांबलेली होती. ते उतरले, त्या गाडीत जाऊन बसले. ही गाडी तू घे, मोड, विक, असलं काही त्यांनी म्हटलं नाही. मागं वळूनही बघितलं नाही.

दिवस कलला होता. वस्ताद पारावरच बसलेले होते. गाडी चिंचेखाली लागली आणि दोघांऐवजी एकच माणूस उतरला, तसे ते ताडकन उठायला गेले.

“घरी गेले,” धैर्यशील म्हणाला. “नीट आहेत.”

वस्ताद खाली बसले. त्यांनी डोळे मिटले, ओठ काहीतरी पुटपुटले.

धैर्यशील त्यांच्या पायाशी, मातीत बसला. आता त्याला कुणी ‘बस’ म्हणायची वाट बघावी लागली नाही. गाडीचं तापलेलं लोखंड निवताना टिक टिक वाजत होतं.

“वस्ताद.”

“बोल.”

“मी लई विचार करतोय. तेव्हापासनं. ते इंजिन मी सगळं उघडून बघितलं. एकेक सुटा भाग बघितला. तेव्हाही बघितला, आताही बघितला. कुराणावर हात ठेवायला सांगा, देवावर हात ठेवायला सांगा... त्या पोरानं गाडी नेली त्या दिवशी तिच्यात कसलाही दोष नव्हता, वस्ताद. एकसुद्धा नव्हता.”



रस्त्यावरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत वस्ताद बसून राहिले. मग त्यांनी आपला हात धैर्यशीलच्या डोक्यावर ठेवला.

“दोष असता,” ते म्हणाले, “तर पोरगं वाचलं असतं.”