रिकीब

“केवढं आहे म्हणालास ते हाड?” हसनशा फकिराने विचारलं.

डॉक्टर चौबळांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने सांगितलं, “तांदळाच्या दाण्याहून लहान. घोडेस्वार पाय अडकवतो त्या रिकिबीसारखं दिसतं, म्हणून नावही रिकीब.”

दर्ग्याच्या ओसरीवर बसलेला म्हातारा आपल्या करंगळीच्या नखाकडे बघत राहिला.

“आणि तेवढ्यातून सगळं आत येतं?”

“सगळं. ढगांचा गडगडाट, पाचोळ्यातला सरडासुद्धा. तुमची रिकीब जागीच घट्ट झालीय. ती काढून मी दुसरी बसवतो. हे काम माझ्याइतक्या सफाईने इकडे कुणी करत नाही.”

“लहानपणी केवढी असते?”

“एवढीच. सगळा देह वाढतो बाबा, ही वाढत नाही. आईच्या पोटातच पुरी होते.”

फकिराने करंगळी कानाला लावली.

“म्हणजे आईची पहिली हाक हिनेच आत आणली.”

चौबळांनी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला.

शस्त्रक्रियेत भूल कानापुरतीच होती. नवी रिकीब बसली, तेव्हा चौबळ अगदी हळू म्हणाले, “बाबा.”

“ओ,” फकीर म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

काढलेलं हाड त्याने तळहातावर मागून घेतलं. उडून जाईल म्हणून श्वास रोखून धरला. चौबळही वाकले. अशी कितीतरी हाडं त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघत काढली होती. नुसत्या डोळ्यांनी आजच पहिल्यांदा पाहिलं.

पावसाळा सरल्यावर चौबळ कान तपासायला दर्ग्यात गेले. एक बाई फकिरासमोर बसली होती. त्याच्या कपाळाला कपाळ टेकून कुजबुजत होती. चौबळांच्या ध्यानात आलं… बहिऱ्या फकिराशी लोक असंच बोलत आले असणार. हाडाला हाड लागलं की आवाज रिकिबीवाचूनही आत पोहोचतो.

बाई डोळे पुसत निघून गेली.

“बाबा, आता तुम्हाला लांबूनही ऐकू येतं,” चौबळ उंबऱ्यातूनच म्हणाले. “तिला सांगितलं नाहीत?”

“नाही.”

चौबळ पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. आत आले नाहीत, परतही गेले नाहीत…

“माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही, बाबा.”

फकिराने सतरंजीवर थोडी जागा केली.

“जवळ ये, डॉक्टर. मला ऐकू येत नाही.”