लाल दोऱ्याचा हंडा

एका गावात तांबटांची एक आळी होती. घरं सात, ऐरणी सात, पण भांड्याच्या काठावर शिक्का एकच, शंखाचा. भांडं कुणी घडवलं हे गिऱ्हाइकाला कळत नसे आणि खरं सांगायचं तर ढिगात मिसळल्यावर खुद्द घडवणाऱ्यालाही नाही. प्रत्येकाच्या ठशात केसाएवढा फरक मात्र होता. तो ओळखता येई फक्त म्हाताऱ्या येसबा म्हेत्र्यांना. भांडं गळकं निघालं तरच त्यांनी नाव सांगायचं आणि त्या माणसाने ऐरण उचलून आळी सोडायची, असा रिवाज होता.

एकदा राजकन्येच्या लग्नासाठी वीस हंडे घडले, सगळे एका मापाचे, एका घाटाचे. राजाचा कारभारी ते एकेक करून वाजवून पाहू लागला. एका हंड्याला त्याने लाल दोरा बांधला आणि म्हणाला, "असा हात उभ्या राज्यात नाही. हा रुखवतात सगळ्यांत पुढे मांडा."

तेवढ्यात मानकू तांबट गालातल्या गालात हसला. झालं. सटवाजी तांबटाने ते हसू पाहिलं आणि त्याच्या पोटात दुखू लागलं. हंडा मानकूचाच, असं त्याने ठरवूनच टाकलं. मत्सराला कुठला आलाय पुरावा? त्याला जेवण गोड लागेना, हातोडी धरवेना. "मी काय इतकी वर्षं माशा मारल्या?" असं तो बायकोपाशी सारखा कुरकुरत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आळी जेवायला बसली, तेव्हा तो गुपचूप गेला आणि त्या हंड्याच्या बुडाला खिळ्याने बारीक भोक पाडून आला.

संध्याकाळी गळती तपासायला हंड्यांत पाणी भरलं. लाल दोऱ्याच्या हंड्याखाली थारोळं साचलं. सगळ्यांच्या आधी सटवाजीच बोलला, "येसबा, नाव सांगा. रिवाज म्हणजे रिवाज."

येसबांनी पेटीतून ठशांचे नमुने काढले. शिक्क्याशी ताडून पाहिले, पुन्हा ताडून पाहिले. मग म्हणाले, "सटवाजी, हंडा तुझा आहे."

सटवाजी घाईने म्हणाला, "नाही हो, माझा हंडा गळायचा नाही. ते भोक खिळ्याचं आहे."

"हंडा अजून कुणी पालथासुद्धा केलेला नाही," येसबा म्हणाले. "भोक खिळ्याचं आहे हे तुला कसं कळलं?"

राज्यातला सगळ्यांत चांगला हात आपला होता, हे सटवाजीला आळी सोडायच्या दिवशी कळलं.

तात्पर्य: मत्सराला आपलं आणि परक्याचं ओळखता येत नाही. तो दुसऱ्याची कीर्ती फोडायला निघतो आणि आपल्याच हातचं काम फोडून बसतो.